लाभांश न देणारा शेअर: ग्रीन बे पॅकर्सची भागधारकी आणि २०२५ चा हंगाम

विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे शहराच्या पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा शेअर मी २०२१-२२ च्या विक्रीत घेतला, तेव्हा त्याची किंमत ३०० डॉलर होती आणि हाताळणीखर्चाचे ३५ डॉलर वेगळे भरावे लागले. या शेअरवर लाभांश मिळत नाही, त्याचे मूल्य वाढत नाही, तो बाजारात विकता येत नाही, आणि नफ्याच्या अपेक्षेने कोणी तो घेऊ नये असे संघाने विक्रीच्या वेळीच बजावले होते. हातात येते ते एक देखणे प्रमाणपत्र, संचालक मंडळाच्या निवडणुकीतला मतदानाचा हक्क आणि लॅम्बो फील्ड या मैदानावर उन्हाळ्यात भरणाऱ्या वार्षिक सभेचे निमंत्रण. तरीही मला ही खरेदी पूर्णपणे सार्थ वाटते.

संघ १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी उभा केला. लॅम्बो ज्या इंडियन पॅकिंग कंपनीत नोकरी करत, तिने पोशाख व साहित्यासाठी ५०० डॉलर दिले आणि त्यावरूनच संघाला नाव मिळाले. आजही जेमतेम लाखभर वस्तीच्या या शहरात संघ टिकला, याचे श्रेय भागधारकांना आहे. १९२३ मध्ये पाच डॉलरचा शेअर काढून पहिले भांडवल गोळा झाले. प्रेक्षकसज्जातून पडलेल्या एका माणसाने भरपाईचा दावा जिंकल्यावर संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आला, तेव्हा १९३५ मध्ये, आणि पुन्हा १९५० मध्ये, लोकांनीच पैसे उभे केले. संघ विकलाच तर येणारी रक्कम भागधारकांना न मिळता धर्मादाय कामाला जाईल, अशी तरतूद असल्यामुळे तो विकून दुसऱ्या शहरात नेण्यात कोणाचाच आर्थिक स्वार्थ उरत नाही, आणि मला ही तरतूद संपूर्ण रचनेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. रचनेने हा संघ आपल्याकडच्या सहकारी साखर कारखान्याच्या जवळचा आहे, कारण मालकी हजारो हातांत विखुरलेली असते आणि कमाई त्या परिसरातच राहते.

अशा संघाने आजवर १३ विजेतेपदे मिळवली आहेत. त्यांपैकी पाच १९६१ ते १९६७ या काळात प्रशिक्षक व्हिन्स लोम्बार्डी यांच्या हाताखाली आली, आणि एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या अंतिम सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या, करंडकाला आज त्यांचेच नाव आहे. ३१ डिसेंबर १९६७ रोजी उणे २५ अंश सेल्सियसच्या थंडीत, अखेरची १६ सेकंद उरली असताना क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती असणारा खेळाडू, बार्ट स्टारने स्वतः चेंडू घेऊन मुसंडी मारली आणि डॅलसच्या संघाला २१-१७ असे हरवले. तो सामना विस्कॉन्सिनमध्ये आजही तपशीलवार सांगितला जातो.

उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात. पाच लाखांहून अधिक भागधारकांत एका मताचे वजन नगण्य आहे. शेअरमुळे हंगामाच्या तिकिटांत कोणतेही प्राधान्य मिळत नाही, आणि त्या तिकिटांच्या प्रतीक्षायादीत लाखाहून अधिक नावे आहेत. विक्रीचा पैसाही मैदानाच्या बांधकामाकडे जातो, खेळाडूंच्या मानधनाकडे नाही. मात्र संघाचे आर्थिक ताळेबंद दरवर्षी जाहीर होतात, ही पारदर्शकता लीगमधल्या इतर कोणत्याही संघाकडे नाही. मार्च २०२५ मध्ये संपलेल्या वर्षाच्या हिशेबानुसार लीगच्या सामाईक उत्पन्नातून पॅकर्सला ४३ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, आणि हे उत्पन्न ३२ संघांत समान वाटले जात असल्यामुळेच एवढे लहान शहर न्यूयॉर्कच्या बरोबरीने उभे राहू शकते.

आता २०२५ च्या हंगामाविषयी, तो सुरू होण्यापूर्वी मला जसे दिसत होते तसे. २०२४ मध्ये संघाने ११ सामने जिंकले आणि सहा गमावले, परंतु स्वतःच्या चार संघांच्या गटातील सहापैकी केवळ एक सामना जिंकला आणि प्लेऑफ या बाद सामन्यांच्या पहिल्याच फेरीत फिलाडेल्फियाकडून २२-१० अशी हार पत्करली. समोरच्या क्वार्टरबॅकवर सातत्याने दडपण आणता येत नव्हते, ही मुख्य अडचण होती. २८ ऑगस्टला डॅलसकडून बचावपटू मायका पार्सन्सला आणून ती दूर केली गेली, मात्र त्यासाठी २०२६ आणि २०२७ च्या ड्राफ्टमधील (नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) पहिल्या फेरीची निवड आणि बचावफळीच्या मध्यभागी भक्कम उभा राहणारा केनी क्लार्क द्यावा लागला. हा सौदा मला धाडसी आणि योग्य वाटतो. क्लार्कच्या जागी धावता हल्ला कोण रोखणार, ही काळजी मात्र खरी होती. जॉश जेकब्सने २०२४ च्या हंगामात चेंडू घेऊन १३२९ यार्ड धावून आक्रमणाचा तोल सांभाळला होता, आणि एप्रिलमध्ये ग्रीन बे येथेच झालेल्या ड्राफ्टमधून मॅथ्यू गोल्डन हा चेंडू झेलणारा चपळ रिसीव्हर मिळाला होता. सर्व काही क्वार्टरबॅक जॉर्डन लव्हच्या गुडघ्यावर आणि निर्णयशक्तीवर अवलंबून राहणार होते, कारण २०२४ मध्ये पहिल्याच सामन्यातील दुखापतीनंतर त्याच्या खेळात सातत्य राहिले नव्हते. गटातील डेट्रॉइटचे आक्रमण व बचाव सांभाळणारे दोन्ही समन्वयक (सहायक प्रशिक्षक) संघ सोडून गेले होते आणि मिनेसोटा नवख्या क्वार्टरबॅकवर विसंबून होते, त्यामुळे गट जिंकण्याची संधी चांगली होती. १२ विजयांची अपेक्षा मी ठेवली होती. ७ सप्टेंबरला लॅम्बो फील्डवर डेट्रॉइटविरुद्धच परीक्षा सुरू होणार होती.

शेअर सध्या विक्रीला नाहीत. पुढची विक्री केव्हा होईल हे बांधकामाच्या गरजेवर ठरते, आणि १९५० नंतर ती थेट १९९७ मध्ये झाली होती. म्हणून ज्यांना खेळाइतकीच त्या शहराचीही आस्था आहे, त्यांनी घोषणा होताच मागणी नोंदवावी. गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी मात्र हे पैसे दुसरीकडे ठेवावेत.