इपॉक्सीच्या डब्यात पॉलिएस्टर

लाकडी कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) बांधायला घेतली असेल, तर रेझिन, म्हणजे हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारा चिकट द्रव, विकत घेण्याआधी हे वाचा. मला एका दुकानदाराने ‘मरीन इपॉक्सी’ म्हणून साधं पॉलिएस्टर रेझिन गळ्यात मारलं, तेही इपॉक्सीच्या भावाने.

स्टिच अँड ग्लू पद्धतीत प्लायचे तुकडे तांब्याच्या तारेने शिवतात, सांध्यात रेझिन भरतात, वरून काचेच्या तंतूंचं कापड चढवतात. तारा नंतर बहुतेक काढूनच टाकतात. म्हणजे सांधे टिकतात ते रेझिनच्या जोरावर. पॉलिएस्टर घट्ट होताना आकसतं आणि लाकडाला नीट धरत नाही. कोकणातल्या फायबरच्या होड्या त्याच रेझिनच्या असतात आणि उत्तम चालतात, पण त्यांचं अंगच काचेच्या तंतूंचं असतं, लाकडाला चिकटायचा प्रश्नच नसतो.

पहिल्याच मोसमात माझ्या कयाकच्या तळाला पांढुरके डाग दिसू लागले. कडेला नख घातलं, तर हातभर पट्टा सोलून आला. खालचा प्लाय कोरा, लाकडाचा एक तंतूसुद्धा कापडाबरोबर आला नाही! जेटीवर फायबरचं काम करणाऱ्या काकांनी उरलेला डबा नुसता हुंगला. “अहो, हे तर आमच्या होडीचं रेझिन!”

डब्यावर कंपनीचं लेबल नव्हतं, बॅच नंबर नव्हता. हार्डनरची बाटली एवढीशी का, असं मी घेतानाच दुकानदाराला विचारलं होतं. “नवीन कॉन्सन्ट्रेट आहे साहेब, किलोला वीस मिली पुरे.” उग्र वासाबद्दल म्हणाला, “मरीन ग्रेडला येतोच.” दोन्ही धादांत खोटं. शेकडा १-२ टक्के हार्डनर हे पॉलिएस्टरचं प्रमाण. इपॉक्सीला तो भरपूर लागतो, ब्रँडप्रमाणे दोनाला एक किंवा पाचाला एक, काहींत वजनाने शंभराला दहा. नाकात जाणारा तो वास पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रवाचा, तो इपॉक्सीला नसतो.

पक्कं बिल मागाच. त्यावर मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड असतो: इपॉक्सीचा ३९०७३० ने सुरू होतो, अनसॅच्युरेटेड पॉलिएस्टरचा ३९०७९१ ने. माझ्या हाती नुसती चिठ्ठी टेकवली होती, आता तो दुकानदार ओळखही दाखवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, बिल हाती असेल तर तक्रारीला जोर येतो.

आणि असल्या डब्यातलं रेझिन आधीच वापरलं असेल, तर कयाक खाडीत नेऊ नका. किनाऱ्यापासून लांब सांधा उकलला, तर जिवावर बेतेल.