ओम्नी विजेवर: दहा महिने, साडेआठ हजार किलोमीटर

मारुतीची ओम्नी व्हॅन चालवलेल्यांना मे महिन्यातली ड्रायव्हरची सीट काय असते ते सांगायला नको. इंजिन थेट बुडाखाली. सिग्नलला पाच मिनिटं थांबलं की पँट पायाला चिकटायची. दहा महिन्यांपूर्वी ते इंजिन काढून विजेची मोटर बसवली, आणि यंदाच्या मेमध्ये पहिल्यांदा त्या सीटवर माणसासारखा बसलो. माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

गाडी 2004 ची, वडिलांनी घेतलेली. पत्रा चांगला, पण 796 सीसीचं इंजिन तेल प्यायला लागलं होतं. ओम्नी 2019 ला बंद झाली तरी तिचे पार्ट अजून सहज मिळतात, म्हणून खर्च करायची हिंमत केली. इंजिन, रेडिएटर, सायलेन्सर, पेट्रोलची टाकी हे सगळं मी आणि धाकट्या भावाने नाशिकला मखमलाबादच्या घरासमोरच्या पडवीत दोन रविवारांत उतरवलं. मोटर-बॅटरीचं किट बसवण्याचं काम मात्र किटवाल्यांच्या अधिकृत फिटरने येऊन केलं. हे मुद्दाम सांगतोय. एआयएस 123 या सरकारी मानकाप्रमाणे मंजूर झालेलं किट, अधिकृत फिटर आणि आरसीवर इंधनाची नोंद बदललेली, एवढं असल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. बाजारातली मोटर आणून स्वतःच जुळवली आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी दारात उभं करणार नाही.

बॅटरी एलएफपीची (लिथियम आयर्न फॉस्फेट), 3.2 व्होल्टचे 24 सेल सिरीजमध्ये, 150 अँपिअर-अवर. म्हणजे साडेअकरा युनिटं. गिअरबॉक्स मूळचाच ठेवला. गावात तिसरा गिअर टाकून दिवसभर फिरतो, क्लच चढाला लागतो तेवढाच. एका चार्जला रेंज 80 किलोमीटर धरा. किटवाले 110 म्हणत होते, ते बहुधा रिकामी गाडी, सपाट रस्ता आणि वारा पाठीमागून, असं असणार. अंबडला कामावर जाऊन-येऊन 26 किलोमीटर, त्यामुळे मला पुरते. 16 अँपिअरच्या सॉकेटवर रात्री लावली की पाच तासांत भरते.

आता मोहदरी घाटाची गोष्ट. जानेवारीत सिन्नरला लग्नाला निघालो होतो, आई आणि काकू मागे. घाटाच्या मध्यावर गाडी एकदम मेली. मीटरवर 70 टक्के चार्ज. चावी बंद करून परत चालू केली, शंभर मीटर गेली, पुन्हा मेली. काकू म्हणाल्या, "पेट्रोल संपलं असेल रे, बघ ना." रडतखडत वर पोचलो.

घरी आल्यावर एकेक सेल मोजला. सगळे 3.3 व्होल्ट. दोष नाहीच! मग भावाला गाडी चढावर घ्यायला लावली आणि मी मागे मीटर धरून बसलो. सव्वाशे अँपिअर करंट गेला की बाकी सेल 3.1 वर, सतरा नंबरचा थेट 2.5. बीएमएसला, म्हणजे बॅटरीवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला, वाटायचं सेल संपला, तो सगळी बॅटरी तोडून मोकळा. सेल ठणठणीत होता. त्याला शेजारच्या सेलशी जोडणाऱ्या पट्टीचा नट सैल होता, त्यामुळे करंट वाढला की व्होल्टेज तिथेच पडायचं. बोट लावलं तर चटका बसला. कारखान्यात मी मेन्टेनन्सला आहे, पॅनेलचे नट सैल राहिले म्हणून पोरांवर ओरडतो, आणि स्वतःच्या गाडीत चार महिने तपासले नव्हते. आता टॉर्क पान्याने आवळून प्रत्येक नटावर लाल रंगाची रेघ मारली आहे. रेघ तुटलेली दिसली की नट हलला. नाशिकच्या खड्ड्यांत ही रेघ मारायलाच हवी.

ब्रेकचंही आधी विचारून घ्या. ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरला लागणारा व्हॅक्युम इंजिनातून यायचा, इंजिन गेलं की तो गेला. त्यासाठी वेगळा पंप बसवतात. माझा पंप दर तिसऱ्या ब्रेकला टर्रर्र करतो. गाडी शांत असल्यामुळे तो जरा जास्तच खटकतो.

शांततेचं म्हणाल तर पहिल्या दिवशी आई गाडीत बसली, गाडी मखमलाबाद नाक्यावर पोचली, तरी म्हणते, "अरे, चालू कर ना आता." गल्लीत मात्र कुत्री आणि आजोबा, दोघांनाही ऐकू येत नाही. हॉर्न जास्त वाजवावा लागतो.

खर्च 3 लाख 40 हजार. आधी महिन्याला 65 लिटर पेट्रोल लागायचं, आता बिलात सव्वाशे युनिटं वाढतात आणि स्लॅबही वरचा लागतो. जमाखर्च करून पाच-सव्वापाच हजार वाचतात, म्हणजे पैसे फिटायला साडेपाच वर्षं. निव्वळ बचतीसाठी करत असाल तर थांबा, सेकंडहँड सीएनजी घ्या.

मोटरने दहा महिन्यांत एकदाही त्रास दिला नाही. त्रास दिला तो नटाने आणि आता जुन्या गाडीने. इंजिनाच्या आवाजात जे झाकलं जायचं ते सगळं ऐकू येतं: सरकत्या दाराची खडखड, मागच्या स्प्रिंग-पाट्यांचे बुश, आणि तीसच्या पुढे गेलं की मागच्या चाकांना फिरवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टची गुणगुण. शाफ्टच्या सांध्यातले क्रॉस आणून ठेवले आहेत, या रविवारी भाऊ मोकळा असला तर बदलू.