जुना संगणक, डेबियन आणि फायरफॉक्सचा किऑस्क मोड

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपला, तेव्हा गिरगावातल्या आमच्या वाचनालयात पुस्तकांची सूची दाखवणाऱ्या संगणकाचा प्रश्न कार्यकारिणीपुढे आला. कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचं यंत्र. विंडोज ११ त्याला उभंच करत नाही. ‘भंगारात द्या’ म्हणणारे होतेच. मी लॅमिंग्टन रोडवरून छोटा एसएसडी (वेगवान डिस्क) आणून बसवला, डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली टाकली आणि संगणक सुरू झाला की थेट फायरफॉक्सच उघडेल अशी सोय केली. सूची कोहा या ब्राउझरमधून चालणाऱ्या ग्रंथालय-सॉफ्टवेअरवर असल्यामुळे ब्राउझरशिवाय काही लागतच नाही.

किऑस्क म्हणजे कोणीही येऊन वापरावा असा, एकाच कामाचा पडदा; त्यासाठीचा किऑस्क मोड फायरफॉक्समध्ये ७१व्या आवृत्तीपासून आहे. सुरू करतानाच तो पर्याय द्यायचा. पत्त्याची पट्टी, टॅब, मेनू सगळं गायब, पडदाभर फक्त आपलं पान. इथवर झकास. पण कीबोर्डला हात लागला की पितळ उघडं पडतं. ऑल्ट-एफ४ दाबलं की खिडकी बंद! संध्याकाळी अभ्यासिकेत येणारी शाळकरी पोरं हे आपल्यापेक्षा लवकर शोधतात. म्हणून फायरफॉक्स बंद झाला की लगेच पुन्हा सुरू करणारी दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ने काळा लॉगिन पडदा येतो, तो रस्ता एक्सच्या, म्हणजे लिनक्सवर पडदा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये बंद केला. फायरफॉक्सचे नियम ठरवणाऱ्या पॉलिसी फाइलमध्ये सगळी संकेतस्थळं अडवून फक्त आपली सूची मोकळी ठेवता येते. ही सोय मला सगळ्यात आवडली. एकदा लिहिली की क्रिकेटचा स्कोअर बघणाऱ्यांशी हुज्जत नाही.

खटकलं ते वेगळंच. एक वाचक उठून गेला तरी त्याचा शोध पडद्यावर तसाच राहतो. थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर आपोआप पहिल्या पानावर जावं, ही किऑस्कची प्राथमिक गरज. फायरफॉक्समध्ये त्याची तयार सोय नाही. एक्सप्रिंटआयडल नावाचं छोटं साधन कीबोर्ड-माउस किती वेळ स्वस्थ आहेत ते सांगतं, त्यावरून स्क्रिप्टने ब्राउझर नव्याने उघडायचा. जमतं, पण टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, बघून घाबरणाऱ्या ग्रंथपालबाईंनी काय करावं? यासाठी पाचातला एक गुण कापला.

मराठी दिसायला अडचण नाही, लिहायला आहे. डेबियनमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची प्रमाणित मांडणी आहे. आमच्या वाचकांना ती येत नाही. फोनवर सगळे रोमनमध्ये लिहून मराठी उमटवतात, आणि इथेही तेच करू बघतात. कागापा नावाची ध्वनीनुसार चालणारी मांडणी त्यातल्या त्यात बरी. तरी एक काका अजून पुस्तकाचं नाव कागदावर लिहून काउंटरवर देतात आणि म्हणतात, “बाई, तुमच्या मशीनला विचारा.”