बोटीचं 'स्पेशल' पेट्रोल : 38,300 रुपयांना पडलेला धडा

नाव लिहीत नाही, कारण मी बारावीच्या पोरांना केमिस्ट्री शिकवतो आणि ज्या गोष्टीत फसलो ती केमिस्ट्रीच आहे. पोरांनी वाचलं तर वर्गात उभं राहणं मुश्कील होईल. पण गप्प बसलो तर तो माणूस अजून दहा जणांना गाठेल, म्हणून लिहून राहिलो.

रामटेककडे मेहुण्याचं शेत आहे, बाजूलाच जलाशय. परवानगी वगैरे काढून आम्ही दोघांनी एक जुनी फायबरची बोट घेतली, मागं 15 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. नागपुरात बोट म्हणलं की लोक हसतात, हसा. सगळ्यात मोठा ताप बोटीचा नाही, पेट्रोलचा आहे. बोट काही पंपावर नेता येत नाही, कॅन घेऊन गेलं की पंपावरचा पोरगा मान हलवतो, सुट्टं मिळत नाही म्हणून. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल, तर बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकात 10 टक्क्यांच्या वर चालत नाही असं लिहिलेलं, आमचं इंजिन तर अजून जुनं, त्याचे रबरी पाइप कोणत्या काळातले देव जाणे. इथेनॉल पाणी ओढतं, रबर फुगवतं, कार्बोरेटरमध्ये घाण करतं. ही भीती खरी आहे, मी काही वेड्यासारखा त्याच्या मागं गेलो नव्हतो. नेमक्या खऱ्या भीतीवर बोट ठेवणारा माणूस भेटला, एवढंच.

मागच्या मे महिन्याच्या शेवटी ओळखीच्या ओळखीतून नंबर आला. माणूस गोड. "सर, टेन्शनच नका घेऊ, मरीन ग्रेड पेट्रोल देतो, इथेनॉल झिरो, सोबत स्टॅबिलायझर, दोन वर्षं पेट्रोल ताजं राहते." भाव 190 रुपये लिटर. पंपावर तेव्हा शंभरच्या थोडं वर होतं. महाग आहे म्हणजे चांगलं असेल, हा विचार माझ्याच डोक्यात आला, त्यानं टाकला नाही. 40 लिटरचे 7,600. स्टॅबिलायझरच्या दोन बाटल्या, 1,350 प्रमाणे 2,700. आणि 'सीझन पॅक' म्हणून 4,500, म्हणजे पावसाळ्यात दोनदा येऊन टाकी तपासून देणार. 10,300 यूपीआयनं दिले, 4,500 रोख, "रोख दिलं तर पावतीची झंझट नाही सर" असं म्हणाला आणि मी हसलो. पावतीची झंझट. यूपीआयवर नाव आलं एका किराणा दुकानाचं. तेही पाहिलं मी. "साळ्याचं दुकान आहे" म्हणाला.

आता तो क्षण, जो मला रोज रात्री आठवतो.

पेट्रोल शेतावर पोचवायला आला, 20-20 लिटरचे दोन निळे प्लास्टिकचे कॅन, लग्नात पाणी भरतात तसले. मी म्हणलं इथेनॉल नाही कशावरून? त्यानं पिशवीतून काचेचं मापाचं नळकांडं काढलं, 20 मिलीपर्यंत पाणी, वरून 100 पर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि टेबलावर ठेवलं. दोन मिनिटांत खाली पाणी, वर पेट्रोल. "बघा सर, पाणी मिसळलंच नाही. प्युअर."

पाण्याची रेघ आता 20 वर नव्हती, 35 च्या आसपास होती.

म्हणजे 80 मिली पेट्रोलमधलं जवळपास सगळं इथेनॉल खालच्या पाण्यात उतरलं होतं. 80 चे 20 टक्के 16. हिशोब पाचवीतला आहे. ही टेस्ट जगभर इथेनॉल आहे हे दाखवायला करतात आणि त्या माणसानं तीच टेस्ट माझ्यासमोर करून इथेनॉल नाही असं सांगितलं, आणि मी रेघ वर गेलेली बघितली, विचारलंसुद्धा की पाणी वाढलं कसं, तर म्हणे "तो स्टॅबिलायझरचा इफेक्ट आहे, तो पाणी पकडून ठेवतो". पाणी पकडलं तर पाण्याची पातळी वाढेल का बे? पण ऊन 45 च्या वर, मेहुणा बाजूला "हो का, अरे वा" करतोय, सावजीचं मटण गार होऊन राहिलं, आणि मी मान डोलावली. पंचवीस वर्षं पोरांना ब्युरेटची रेघ वाचायला शिकवतोय.

त्याच दिवशी बोटीच्या टाकीत 20 लिटर ओतलं, 50 ला 1 च्या हिशोबानं 400 मिली टू-स्ट्रोक ऑइल मिसळलं (या इंजिनाला वंगण पेट्रोलमधल्या ऑइलमधूनच मिळतं), एक बाटली त्याचं औषध टाकलं. दुसरा कॅन तसाच बंद. मृग लागला, बोट शेडमध्ये. सीझन पॅकवाला पावसाळ्यात एकदाही आला नाही. पहिल्यांदा "सर गावाला आहे", मग "रोड बंद आहे", मग फोनच बंद.

कोजागिरीला पाहुणे घेऊन बोट काढली. चालू झाली, अर्धा जलाशय ओलांडला, मग खोकायला लागली, मग एक कर्रकन आवाज आणि बंद. एका वल्ह्यावर दीड तास. दूध काठावर आटून गेलं, बायको काय बोलली ते लिहीत नाही.

मिस्त्रीनं दुसऱ्या दिवशी पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरची वाटी उघडली तर खाली गढूळ, दह्याच्या निवळीसारखं. "सर, हे काय टाकून राहिले तुम्ही इंजिनात?" झालं असं की इथेनॉलनं पाणी धरलं आणि मर्यादा संपल्यावर दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे झाले, तळाला बसले, आणि टाकीतला पाइप नेमका तळातून ओढतो. टू-स्ट्रोकमध्ये यापेक्षा वाईट काय असेल, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, तळाच्या थरात ऑइल जवळपास नाहीच. इंजिन कोरडं चाललं. पिस्टनवर ओरखडे, रिंगा गेल्या. कार्बोरेटर किट आणि सफाई 3,850, पिस्टन-रिंग-बोरचं काम 17,400, पाइप आणि त्यातला पेट्रोल पुढं ढकलणारा रबरी फुगा 2,250. हे झाले 23,500. आधीचे 14,800. एकूण 38,300.

मेहुणा म्हणाला पावसाच्या हवेनं झालं असेल. टाकीचं व्हेंट, म्हणजे हवेचं भोक, उघडं राहिलं होतं, ती चूक माझी, कबूल. पण दुसरा कॅन घट्ट बंद होता आणि त्यातही तळाला चारेक लिटरचा थर. म्हणजे पाणी त्यानंच आणलं होतं. मे महिन्याच्या उन्हात गरम पेट्रोल जास्त पाणी पोटात ठेवतं म्हणून स्वच्छ दिसलं, गार पडल्यावर फाटलं. त्याचं स्टॅबिलायझर कॉलेजच्या लॅबमध्ये नेलं, वास सरळ रॉकेलचा. आणि ऐका, खरं स्टॅबिलायझरसुद्धा ताज्या पेट्रोलमध्ये पहिल्याच दिवशी टाकायचं असतं, टाकून दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे कार्बोरेटरपर्यंत पोचतं. शिळं पेट्रोल कुठल्याच बाटलीनं ताजं होत नाही, कोणी म्हणत असेल तर उठून निघा.

आता तक्रारीची कथा.

शहरातल्या एका ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, "सर, नागपुरात समुद्र कधी आला?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, 2023 मध्ये अंबाझरी ओव्हरफ्लो झाला तेव्हा घेतली का बोट? परत हसले. मग म्हणे पेट्रोल दिलं शेतावर, म्हणजे ग्रामीणची हद्द. ग्रामीणच्या ठाण्यात गेलो तर पैसे शहरातून गेले, शहरात जा. परत शहरात. यावेळी एक साहेब भेटले, शांतपणे सगळं ऐकलं, आणि विचारलं, "तुमच्याकडे 40 लिटर पेट्रोल होतं कशाला?" मला घाम फुटला. घरी येऊन वाचलं, पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय 30 लिटरपर्यंतच ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात, 25 लिटरपेक्षा मोठं नाही. माझ्याकडे 40, आणि प्लास्टिकमध्ये. पेट्रोल-स्फोटकांच्या सुरक्षेचं देशाचं मुख्यालय, पेसो, आपल्याच शहरात सेमिनरी हिल्सला, आणि मला नियम माहीत नाही. म्हणजे फसलेला मी आणि आरोपी पण मीच. तो माणूस मुद्दाम 40 देत असेल असं आता वाटतं, 30 च्या वर गेलेला गिऱ्हाईक तोंड उघडत नाही.

तरी गेलो. एका कचेरीत विचारलं, "माप कमी होतं का? नाही ना? मग आमच्याकडं येत नाही." दुसरीकडे, "पंपावरचं असेल तर सॅम्पल घेता येते, हे कुठलं पेट्रोल आहे तेच माहीत नाही." अहो, तेच तर सांगून राहिलो! तिसऱ्या टेबलावर अर्ज घेतला, आवक क्रमांक दिला, त्याला आता चार महिने झाले. क्रमांक विचारायला गेलो तर ते टेबलच दुसऱ्या मजल्यावर गेलेलं. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मी जाणार आहे, पण वकील मित्र म्हणतो समोरच्याचा पत्ता दे. पत्ता काय देऊ, किराणा दुकान? तिथं जाऊन आलो, दुकानदार म्हणाला कमिशनवर क्यूआर देतो, कोण पैसे टाकतं मला काय माहीत. त्याच्याकडंही कुणी गेलं नाही विचारायला.

आता मी धातूचा 20 लिटरचा एकच कॅन ठेवलाय, पंपाच्या मॅनेजरला बोटीचे कागद दाखवून आधी बोलून ठेवलं, तो आता देतो. लागेल तेवढंच, त्याच आठवड्यापुरतं. कॅन गाडीत ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवा आणि नोझल कॅनच्या तोंडाला टेकवूनच भरा, ठिणगी पडायला एक क्षण पुरतो. गच्च भरू नका, आपल्याकडच्या उन्हात टाकीचा भोपळा होतो. पंपावर संशय आला तर भेसळ बघायला फिल्टर पेपर मागा, माप बघायला 5 लिटरचं माप मागा, ते ठेवणं त्यांना बंधनकारक आहे, लाजू नका. कॅनवर मार्करनं तारीख लिहा. बोट बंद ठेवायच्या आधी पाइप काढून इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटरमध्ये थेंब ठेवू नका. टाकी उन्हात नको, घरात तर अजिबात नको. आणि नळकांड्यात पाण्याची रेघ वर गेली तर समोरचा काहीही बोलो, रेघेवर विश्वास ठेवा.

दुसरा निळा कॅन अजून शेतावर आंब्याखाली शेडमध्ये आहे. मिस्त्री घ्यायला तयार नाही, जमिनीत ओतायचं नाही, राखणदार दर आठवड्याला विचारतो फवारणीच्या पंपात टाकू का, त्याला दर आठवड्याला नाही म्हणतो. बायकोला सांगितलंय पुरावा आहे म्हणून. ठाण्यात जमा करायला नेला होता, गेटवरूनच परत पाठवलं, पेट्रोल आत आणायला बंदी आहे.