ताडपत्री, गोणपाट की नायलॉन? बॅग घेण्याआधी मालाचं जुनं काम विचारा

दोन महिन्यांपूर्वी आमच्या लातूरच्या दुकानात कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई आल्या होत्या. रोज औसा ते लातूर एसटीनं येणं-जाणं. सोबत लॅपटॉप, दोन वह्या, डबा आणि पाण्याची बाटली. त्यांच्यासमोर तीन बॅगा ठेवल्या: एक ट्रकच्या जुन्या ताडपत्रीची, एक गोणपाटाची, एक काळ्या नायलॉनची. "तिन्ही छान दिसतात, मग घेऊ कोणती?" असं त्यांनी विचारलं. दुकानात गर्दी होती, नीट उत्तर देता आलं नाही. ते इथे देते.

बॅग शिवायला घेताना मी मालाला एकच गोष्ट विचारते: तू आधी काय काम करत होतास? ताडपत्री पाऊस अडवत होती. गोणपाट धान्याला हवा देत होतं. नायलॉन कमी वजनात जास्त ताण घेत होतं. बॅग झाली म्हणून मालाचा स्वभाव बदलत नाही. फॅशन त्याच्यावर चढते, पण आत तो जुनंच काम करत राहतो.

असा साधा, कारखानी माल घेऊन देखणी वस्तू करणाऱ्यांच्या जगात दोन वाटा आहेत. पहिली झुरिचच्या मार्कुस आणि डॅनिएल फ्रायटाग या भावांची. दोघं ग्राफिक डिझायनर. १९९३ मध्ये घरासमोरच्या रस्त्यावरून जाणारे ट्रक बघून त्यांनी जुन्या ताडपत्रीची बॅग शिवली. काठाला सायकलची ट्यूब लावली आणि खांद्याला गाडीचा सीटबेल्ट. ताडपत्रीवरची अक्षरं, डाग, ओरखडे त्यांनी लपवले नाहीत. पारदर्शक साचा ताडपत्रीवर सरकवत, कुठलं अक्षर कुठे येईल ते बघून तुकडा कापतात, त्यामुळे दोन बॅगा एकसारख्या निघत नाहीत. त्यांची एक बॅग न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

दुसरी वाट मिलानच्या मिउचा प्राडा यांची. १९७८ मध्ये घराण्याचा चामड्याच्या वस्तूंचा धंदा त्यांच्या हाती आला आणि १९८४ मध्ये त्यांनी काळ्या नायलॉनची पाठीवरची बॅग आणली. तोवर नायलॉन म्हणजे तंबूचं, पॅराशूटचं, लष्करी सामानाचं कापड. कापड नवं, डाग एकही नाही. सगळी किमया शिलाईची, आकाराची आणि फिनिशिंगची. पहिल्या वाटेत माल बोलतो, दुसऱ्या वाटेत कारागीर.

मराठवाड्याला यातलं काही नवं नाही. पावसाळ्यात पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात खोचून केलेली खोळ डोक्यावर घेऊन शेतात जाणारी माणसं मी लहानपणापासून बघते आहे. त्या खोळीत कापायचं काही नाही, शिवायचं काही नाही, फक्त एक घडी. औरंगाबादच्या हिमरू कापडातही रेशमाच्या जोडीला सुताचा धागा आहे, आणि त्या सुतामुळे हिमरू कोणाला कमी देखणा वाटला नाही.

आता ताडपत्री. बाजारात या एका नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. निळी-पिवळी पातळ प्लास्टिकची, ती बॅगेच्या कामाची नाही. जाड सुती कापडाला मेण लावलेली हिरवी, ती दिसते सुंदर आणि वयानुसार आणखी सुंदर होते, पण आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४२ च्या वर गेला की मेण मऊ पडतं आणि पांढऱ्या कुर्त्यावर डाग येतो. तिसरी पॉलिस्टरच्या विणीवर दोन्ही बाजूंनी पीव्हीसी चढवलेली. बॅगेसाठी खरी हीच.

तिचा एक तुकडा धुवायचा म्हणजे सकाळ जाते. गच्चीवर पसरायची, साबणाच्या पाण्यानं खराट्यानं घासायची. मागच्या वेळी एका घडीतून ओला सोयाबीनचा भुसा निघाला आणि आयलेटच्या कडीत अडकलेला तुरीचा एक दाणा. तो ट्रक कुठल्या मोंढ्यात उभा राहिला असेल याचा विचार करत मी बराच वेळ बसले होते. धुतल्यावर जुन्या घडीच्या जागी केसासारख्या बारीक भेगा दिसतात. त्या भेगा टाळून कापायचं, कारण तिथूनच पुढे फाटतं.

शिवताना तर चुकायची सोयच नाही. सुती कापडातली टीप उसवली की भोकं मिटतात. पीव्हीसीत सुई एकदा गेली की भोक कायमचं. टीप वाकडी गेली तर तुकडा बाद, किंवा त्या भोकांतून पाणी आत. म्हणून ताडपत्रीच्या बॅगेवर सरळ, एका ओळीत चाललेली टीप दिसली तर कारागिराचा हात ओळखा. तोटेही सांगते: ती जड असते, घाम शोषत नाही, उन्हात उभ्या गाडीत ठेवली तर वास मारते आणि थंडीत ताठर होते.

गोणपाटावर माझा जीव आहे, पण त्याच्याबद्दल खरं बोलायला हवं. सरकारी खरेदीचं ५० किलोचं तागाचं पोतं ५८० ग्रॅमचं असतं. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ८६ पट धान्य ते पेलतं. २०१७ मध्ये तुरीच्या खरेदी केंद्रांवर बारदाना संपला म्हणून मापं थांबली होती, तेव्हा या पोत्याची किंमत सगळ्या मराठवाड्याला कळली. पण ते काम कोरड्यातलं. ताग ओला होऊन तसाच राहिला की कुजतो. काळ्या कपड्याला त्याची कुसं चिकटतात, कापलेली कड लगेच उसवते. आतून सुती अस्तर आणि काठाला पायपिंग नसलेली गोणपाटाची बॅग घेऊ नका. त्याला येणारा रॉकेलसारखा वास घाणीचा नाही. कातण्याआधी ताग मऊ करायला तेल मारतात, त्याचा तो असतो. आठवडाभर उन्हात टांगलं की बराच जातो. भाजीला, पुस्तकांना, लग्नाच्या आहेराला गोणपाट. लॅपटॉपला नाही.

नायलॉनचं गणित सोपं. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. ४२० डेनियर रोजच्या वापराला पुरतं, १००० डेनियर दगडावर घासलं तरी टिकतं, पण वजन वाढतं. मात्र पाणी अडवतो तो आतून दिलेला लेप, नायलॉन नव्हे. दोन-चार वर्षांनी तो लेप सोलून पडू लागतो, म्हणून बॅग उलटी करून बघा.

सायकलची जुनी ट्यूब काठाला आणि तळाला उत्तम, पूर्ण बॅगेला नको. वास महिनाभर जात नाही. फ्लेक्सच्या बॅगा हल्ली गल्लोगल्ली मिळतात. ते कापडच आठवडाभर चौकात टांगायला बनवलेलं, त्याच्याकडून पाच वर्षांची अपेक्षा कशी करणार?

पट्ट्यासाठी मात्र सीटबेल्टला तोड नाही. युरोपच्या नियमाप्रमाणे त्यानं किमान १४.७ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीड टनाचा ताण सोसला पाहिजे. शिवाय रुंद आणि गुळगुळीत, खांद्याला रुतत नाही. माणसाला धरून ठेवणं हेच त्याचं जुनं काम.

एक अनुभव मनाला फार लागला. शिकण्यासाठी म्हणून मी ऑनलाइन एक 'जुन्या ताडपत्रीची' बॅग मागवली होती. डाग, ओरखडे, अर्धी अक्षरं, सगळं होतं. कड उसवून पाहिली तर आत होजियरीसारखं मऊ विणकाम: नवं कोरं रेक्झिन, वर डाग छापलेले. खऱ्या ताडपत्रीच्या कापलेल्या कडेला उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी दिसते, आणि डाग नख लावल्यावर कुठे जाड कुठे पातळ लागतो. नवं रेक्झिन वापरणं वाईट नाही. ते नवं आहे हे सांगायला हवं होतं.

त्या बाईंना आज मी नायलॉनची सांगेन, ४२० डेनियरची, सीटबेल्टचा पट्टा लावून. एसटीत उभं राहायचं, बस स्टँडवरून चालायचं, तिथे ताडपत्रीचं वजन रोज खांद्याला लागेल. त्यांच्याकडे दुचाकी असती आणि पावसात डिक्कीबाहेर बॅग अडकवायची असती, तर डोळे मिटून ताडपत्री दिली असती. आणि तिन्हींपैकी कोणतीही घेतली तरी पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे आधी बघा. चौकोनी टीप आणि तिच्या आत फुली असली पाहिजे. नुसती एक आडवी टीप असेल तर दुकानदाराला तिथेच चौकोन-फुलीची टीप मारून द्यायला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.