लॉनसाठी जुना ‘फार्मॉल कब’ घेताय? ताज्या रंगाखाली काय दडलंय ते आधी बघा

अमेरिकेत दोन-तीन एकरांचं आवार असलेलं घर घेतलं की गवत कापायच्या छोट्या गाडीवर सगळा शनिवार जातो. मग आपली मंडळी जुन्या ट्रॅक्टरकडे वळतात. त्यात सगळ्यांचा लाडका म्हणजे १९४७ ते १९७९ या काळात बनलेला इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘फार्मॉल कब’. यंत्र खरंच गुणी आहे. म्हणूनच त्याच्या नावावर भंगार खपवणाऱ्यांची चीड येते.

फसवणुकीची रीत ठरलेली आहे. लालभडक नवा रंग, नवी सीट आणि तुम्ही पोहोचायच्या आधीच गरम करून ठेवलेलं इंजिन. गरम इंजिन एका फटक्यात सुरू होतं आणि गिऱ्हाईक भुलतं. फोनवरच सांगा, ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’ आल्यावर इंजिनाला हात लावून बघा. कोमट असेल तर दुसऱ्या दिवशी या.

खरा घात असतो ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य लोखंडी सांगाड्यात. कबला मुळात पाण्याचा पंप नाही. पाणी गरम होऊन वर चढतं आणि थंड होऊन खाली उतरतं, तेवढ्यावरच इंजिन थंड राहतं. कोणी हिवाळ्यात साधं पाणी भरून ठेवलं की ते गोठतं आणि ब्लॉक तडकतो. ही चीर इपॉक्सीने बुजवून वर रंग मारतात. त्यासाठी खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. ते ब्लॉकच्या बाजूंवर फिरवा, मग मोअरच्या (गवत कापायच्या यंत्राच्या) डेकवरही, म्हणजे पात्यांवरच्या आवरणावरही फिरवा. जिथे पकड अचानक सुटते, तिथे लोखंडाऐवजी लांबी (पुट्टी) आहे.

दुसरी खूण तेलात सापडते, कारण चिरेतून पाणी तेलात उतरू शकतं. इंजिन रात्रभर थंड असताना ऑइलचा ड्रेन प्लग (तेल काढायचं तळाचं बूच) हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते तळाशी बसतं आणि आधी तेच ठिबकतं. विकणाऱ्याने आदल्या दिवशी तेल बदललं असेल, तर ही खूण पुसलेली असते. अशा वेळी ऑइल फिलरचं झाकण आतून बघा, तिथे दुधाळ साय राहून जाते.

कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मापक) सोबत न्या. चारही सिलिंडरचे आकडे जवळपास सारखे हवेत. एखादा फारच कमी आला तर त्यात चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह अडकलाय किंवा जळलाय. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या कबमध्ये अडकलेला व्हॉल्व्ह नेहमीचाच. ‘१२ व्होल्ट करून दिलंय’ असं कोणी सांगितलं तर ठिणगीसाठी वीज पुरवणारी इग्निशन कॉइल तपासा. जुनी ६ व्होल्टची कॉइल रेझिस्टरशिवाय तशीच ठेवली असेल तर ती तापून जाते आणि पॉइंटही (तिचा वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) खराब होतात.

मोअरच्या बाबतीत तर अर्धवट माल सर्रास गळ्यात मारतात. पोटाखालचा डेक दाखवतात, पण मागच्या पीटीओची (इंजिनाची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याची) पुली, आयडलर (पट्टा ताणून धरणारी चाकी) आणि डेक टांगायचे ब्रॅकेट गायब असतात. हे भाग सुटे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. डेक कबसाठीचाच आहे ना, हेही बघा. कारण कबचा पीटीओ इतर ट्रॅक्टरच्या उलट दिशेने आणि इंजिनाच्याच वेगाने फिरतो. म्हणूनच ‘हा मागे जोडायचा मोअर फुकट घ्या’ याला भुलू नका. तो ५४० आरपीएमसाठी, म्हणजे मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेला असतो. कबवर तो जवळजवळ तिप्पट वेगाने आणि उलटा फिरेल. गवत तर कापणार नाहीच, पण पातं सुटून कोणाच्या पायावर येऊ शकतं.

पातं हाताने हलवायच्या आधी स्पार्क प्लगच्या वायर काढा. मग वर-खाली, आजूबाजूला हलवून बघा. खटखट वाजलं तर स्पिंडलचे (पातं बसवलेल्या दांड्याचे) बेअरिंग गेलेत.

शेवटी उंच गवतात वीस मिनिटं कापून दाखवायला सांगा. रेडिएटर गंजाने तुंबला असेल तर पाणी एवढ्यातच उकळायला लागतं. अंगणात दोन फेऱ्या मारून हे कळत नाही, आणि विकणारा नेमक्या तेवढ्याच मारून दाखवतो. पैसे देण्याआधी पावतीवर सीरियल नंबर आणि मोअरच्या एकेका भागाचं नाव लिहून घ्या. फोटो बघून टोकन पाठवू नका.