क्यूटिप : यंत्रशाळेशिवाय क्यूबिट जोडून पाहताना

अतिसंवाहक क्यूबिटला (विजेला रोध न करणाऱ्या धातूचे, दोन ऊर्जापातळ्यांचे क्वांटम मंडल) मध्यस्थ ठेवून विद्युत रेझोनेटरमधला (ठरावीक वारंवारतेने आंदोलणारे मंडल) ऊर्जेचा एकच कण यांत्रिक रेझोनेटरमध्ये (तसाच कंपणारा घन तुकडा) नेता येतो का, हे प्रत्यक्ष पाहायचे तर निरपेक्ष शून्याच्या लगत पोहोचणारा शीतक हवा आणि तो माझ्या आवाक्यात नाही. लॅपटॉप मात्र आहे. म्हणून मी क्यूटिप ही क्वांटम प्रणालींचे वर्तन संगणकावर गणित करून दाखवणारी, पायथन या संगणकभाषेतली मोफत आणि मुक्तस्रोत आज्ञावली वापरतो. योहान्सन, नेशन आणि नोरी यांनी तिच्यावरचा पहिला शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध केला.

मांडणी कागदावर लिहावी तशीच होते. क्यूबिटच्या 2 आणि प्रत्येक रेझोनेटरच्या 6 ऊर्जापातळ्या धरल्या, जोडणीची ताकद 10 मेगाहर्ट्झ ठेवली आणि क्यूबिटची वारंवारता आधी विद्युत, मग यांत्रिक रेझोनेटरशी जुळवली; ऊर्जा 25 नॅनोसेकंदांत क्यूबिटवर आणि पुढच्या 25 मध्ये यांत्रिक बाजूला गेली. पहिल्या प्रयत्नात मात्र तोच टप्पा 157 नॅनोसेकंदांचा दिसत होता, कारण वारंवारतेला 2π ने गुणायचे मीच विसरलो होतो. आज्ञावली एकके तपासत नाही. दिलेला आकडा मुकाट्याने स्वीकारते. दुसरी खोच अधिक फसवी आहे : क्यूबिटला वरच्या पातळीवरून खाली आणणारा सिग्मा-वजा हा कारक (अवस्था बदलणारी गणिती क्रिया) शून्य क्रमांकाची अवस्था वरची मानतो, तर रेझोनेटरमधला एक कण कमी करणारा ऱ्हासकारक तीच खालची मानतो. दोन्ही एकाच गणितात आले, की आलेख उलटा येतो आणि तरीही दिसायला निर्दोष असतो.

आज्ञावलीची खरी किंमत कळते ती गणितात ऱ्हास, म्हणजे ऊर्जेची गळती, मिसळल्यावर. 2010 मध्ये सांता बार्बरा येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात ॲल्युमिनियम नायट्राइडचा, सेकंदाला सुमारे 6 अब्ज वेळा कंपणारा रेझोनेटर क्यूबिटला जोडला गेला, तेव्हा त्यातले कंपन जेमतेम 6 नॅनोसेकंद टिकत होते. तेवढेच आयुष्य माझ्या मंद जोडणीत भरले, तेव्हा यांत्रिक बाजूला पोहोचलेल्या ऊर्जेचे शिखर मूळ कणाच्या एक चतुर्थांशाच्याही खाली राहिले. हा बदल एका ओळीचा होता. अशी सोय असल्यामुळेच किरकोळ गैरसोयी मला खटकत नाहीत.

मर्यादा आकाराची आहे. 6 पातळ्यांऐवजी 20 घेतल्या, तर घनता सारणीतल्या (प्रणालीची पूर्ण अवस्था मांडणारा आकड्यांचा तक्ता) नोंदी 5,184 वरून 6,40,000 वर जातात आणि लॅपटॉपचा पंखा घरघरू लागतो. ऊर्जेच्या एकदोन कणांच्या प्रश्नांना मात्र 6 पातळ्याही पुरतात, त्यामुळे पदव्युत्तर विद्यार्थ्याने ही आज्ञावली खुशाल घ्यावी. फक्त तिच्या माहितीपुस्तिकेत अवस्थांचा क्रम आधी पाहावा.